एक क्लिक आणि मधले दोन महिने



गेले काही महिने मला दोन बाजूंनी एकच प्रश्न येतोय. माधापूर-गच्चीबावलीत नोकरी करणारे विचारतात, "आम्ही ऑफिसात नेटवर काय बघतो, ते कंपनीला दिसतं का रे?" आणि काचीगुडा, सुलतान बाजारकडे स्वतःचं दुकान, क्लिनिक किंवा सीएचं ऑफिस चालवणारे विचारतात, "आमची मुलं दिवसभर काय उघडून बसतात, ते मला बघता येईल का?" टेबलाच्या अलीकडून एक, पलीकडून दुसरा.

माझं मूळ काम प्रोग्रॅमिंगचं. पण गेली काही वर्षं आमच्या मध्यम आकाराच्या कंपनीत नेटवर्कची जबाबदारीही माझ्याच टीमकडे आहे. त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मला रोज बघायला मिळतात. आज दोघांनाही उत्तर देतो. पण आधी आपल्याच शहरातलं एक प्रकरण सांगतो, कारण ही सगळी उठाठेव कशासाठी करायची, हे त्यातून चांगलं कळतं.

आपल्या शहरातली बँक

आंध्र प्रदेश महेश को-ऑपरेटिव्ह अर्बन बँक ही हैदराबादची सहकारी बँक. जानेवारी २०२२ मध्ये चोरांनी तिच्या सर्व्हरमध्ये शिरून सुमारे १२ कोटी ४८ लाख रुपये पळवले. पैसे आधी बँकेतल्याच मोजक्या खात्यांत वळवले, तिथून इतर बँकांमधल्या शंभराहून जास्त खात्यांत पांगवले आणि देशभरातल्या एटीएममधून काढून घेतले. ना कुणी तिजोरी फोडली, ना कुणी शटर उचकटलं.

तपास झाल्यावर मार्च २०२२ मध्ये हैदराबाद पोलिसांनी सगळा घटनाक्रम सांगितला. नोव्हेंबर २०२१ मध्ये बँकेच्या कर्मचाऱ्यांना २०० हून जास्त फसव्या ईमेल आल्या होत्या. काही जणांनी त्या उघडल्या. त्यातून त्यांच्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम बसला, ज्याने बाहेरच्या माणसाला त्या कॉम्प्युटरचा ताबा मिळाला. मग की-बोर्डवर काय टाइप होतंय ते टिपणं, पासवर्ड गोळा करणं आणि एकेक पायरी चढत मुख्य सर्व्हरपर्यंत पोचणं. बँकेच्या नेटवर्कमध्ये वेगवेगळे कप्पे पाडलेले नव्हते आणि सर्वाधिकार असलेल्या 'सुपर यूजर' खात्यांच्या पासवर्डमध्येही ढिलाई होती, असं पोलिसांनी नोंदवलं. पुढे २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने या बँकेला ६५ लाख रुपयांचा दंड केला.

आता तारखा बघा. ईमेल नोव्हेंबरमध्ये, चोरी जानेवारीत. मधे जवळपास दोन महिने गेले. ज्यांनी ती ईमेल उघडली त्यांना आपल्या हातून काही झालंय याचा पत्ताही नसेल. तरी त्या दोन महिन्यांत कुणाला कॉम्प्युटर संथ वाटला असता, कुणाला "त्या दिवशीची मेल जरा विचित्र होती" असं आठवलं असतं आणि ते त्याने योग्य माणसाला सांगितलं असतं, तर? किंवा त्या कॉम्प्युटरने बाहेरच्या भलत्या पत्त्याशी चालवलेलं बोलणं नेटवर्कवर कुणाच्या नजरेस पडलं असतं, तर?

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं प्रकरण अनेकांना आठवत असेल. ऑगस्ट २०१८ मध्ये तिथून ९४ कोटींहून जास्त रुपये गेले आणि त्यातले बरेचसे २८ देशांतल्या एटीएममधून निघाले. म्हणजे हे काही फक्त आपल्या शहराचं दुखणं नाही. पण महेश बँकेच्या प्रकरणात सुरुवातीची पायरी इतकी साधी होती की ती तुमच्या-माझ्या ऑफिसात आज दुपारीसुद्धा घडू शकते.

दारावरचा वॉचमन

ब्राउझरमध्ये आपण एखादं नाव टाकतो किंवा लिंकवर क्लिक करतो, तेव्हा कॉम्प्युटर आधी डीएनएस नावाच्या सेवेला विचारतो, "या नावाचा नंबर काय?" नंबर मिळाला की मग पुढची गाठभेट. ऑफिसमध्ये पहिला पहारा इथेच बसवता येतो. फसव्या नावांची यादी बाळगणारी डीएनएस सेवा वापरली, तर असं नाव आल्यावर ती नंबर देतच नाही. पान उघडत नाही आणि विषय तिथेच संपतो.

दुसरा पहारा फायरवॉल किंवा प्रॉक्सीचा. ऑफिसमधून बाहेर जाणारी सगळी वाहतूक तिथून जाते. कुठल्या प्रकारच्या साइटना परवानगी द्यायची, कुठल्या फाइल डाउनलोड होऊ द्यायच्या, हे तिथे ठरतं. तिसरा पहारा ब्राउझरचा स्वतःचा. क्रोम किंवा फायरफॉक्स कधीकधी लालभडक पान दाखवून "पुढे जाऊ नका" म्हणतो ना, तो हा.

पण हे तिन्ही पहारेकरी मुख्यतः ओळखीचे चोर अडवतात. आज सकाळी तयार केलेली आणि संध्याकाळी गायब होणारी खोटी साइट कुठल्या यादीत कशी सापडणार? म्हणून बऱ्याच फायरवॉलमध्ये नुकतीच नोंदलेली नावं काही दिवस सरसकट अडवायची सोय असते. तीही वापरावी. एवढं करूनही कधीतरी एखादी लिंक सुटणारच, हे मात्र गृहीत धरून चालावं.

किती अडवायचं?

इथे बहुतेक ऑफिसांचं गणित चुकतं. सुरक्षेच्या नावाखाली यूट्यूब बंद, व्हॉट्सॲप वेब बंद, बातम्या बंद. मग लोक काय करतात? खिशातून फोन काढतात, हॉटस्पॉट चालू करतात आणि ऑफिसचाच लॅपटॉप त्याला जोडतात. म्हणजे तुमच्या दारावरचे वॉचमन जागे आणि मंडळी मागच्या खिडकीतून ये-जा करताहेत. जो लॅपटॉप तुमच्या नजरेखाली होता, तो आता कुणाच्याच नजरेखाली नाही. कुणी ब्राउझरमध्ये फुकट व्हीपीएनचं एक्सटेन्शन घालतो, आणि ते नेमकं कुणी बनवलंय देव जाणे.

आमच्या फिल्टरने एकदा कॅन्सरची माहिती देणारी एक साइट 'प्रौढांसाठी' म्हणून अडवली होती. प्रोग्रॅमरना रोज लागणाऱ्या साइट 'फाइल शेअरिंग' म्हणून बंद व्हायच्या. प्रत्येक वेळी आमच्याकडे तक्रार, मग तपासणी, मग परवानगी. शेवटी आम्ही एक साधा नियम केला: ज्यातून धोका येतो ते अडवायचं, ज्यात वेळ जातो ते नाही. वेळेचा हिशेब ज्याने त्याने आपल्या टीम लीडला द्यावा, ते काम फायरवॉलचं नव्हे. आयपीएलच्या दिवसांत उप्पलला मॅच असली की आमची लाइन तुंबते. तेव्हा आम्ही व्हिडिओचा वेग कमी करतो, साइट बंद करत नाही. चित्र जरा धूसर दिसतं, पण हॉटस्पॉट कुणी काढत नाही.

कंपनीला काय दिसतं?

आता नोकरदारांच्या प्रश्नाकडे येऊ. आजकाल जवळपास सगळ्या साइट एचटीटीपीएसने चालतात. त्यामुळे साध्या मांडणीत कंपनीला साइटचं नाव, वेळ आणि किती डेटा गेला-आला एवढं दिसतं. पानावर तुम्ही काय वाचलं, काय लिहिलं, ते दिसत नाही.

पण कंपनीने दिलेल्या लॅपटॉपवर कंपनीचं स्वतःचं सर्टिफिकेट बसवलेलं असेल, तर फायरवॉल मधे उभी राहून ही बंद पाकिटं उघडून पाहू शकते. धोकादायक फाइल पकडायला याचा उपयोग होतो, म्हणून मोठ्या कंपन्या हे करतात. जबाबदारीने चालणाऱ्या ठिकाणी बँका आणि आरोग्याच्या साइट यातून वगळतात. तेव्हा सरळ हिशेब असा धरा: कंपनीच्या लॅपटॉपवर किंवा कंपनीच्या वाय-फायवर साइटचं नाव नक्की दिसतं, आणि मजकूर दिसू शकतो. घरच्या गोष्टी स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या डेटावर कराव्यात.

आणि मालक मंडळींनो, नुसती नावंही किती बोलतात ते लॉग बघणाऱ्याला विचारा. वंध्यत्व उपचारांचं क्लिनिक. मानसोपचाराची साइट. सोन्यावर कर्ज देणारी कंपनी, एका आठवड्यात पाच वेळा. नोकरी शोधायचं पोर्टल. एखाद्याच्या घरात काय चाललंय, ते त्याच्या शेजाऱ्याआधी नेटवर्क सांभाळणाऱ्याला कळू शकतं. आमच्याकडे एका मॅनेजरने मला सहज म्हटलं होतं, "तो दिवसभर काय बघतो, जरा काढून दे." मी म्हटलं, "एचआरकडून लेखी विनंती येऊ द्या, कारण लिहून येऊ द्या, लगेच देतो." ती विनंती आजपर्यंत आलेली नाही.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा मालकाला आपल्या धंद्याचं नुकसान टाळण्यासाठी काही मोकळीक देतो, हेही खरं. पण म्हणून गुपचूप पाळत ठेवावी, असं नाही. काय नोंदवतो, किती दिवस ठेवतो, कोण बघू शकतो, हे एका पानावर लिहून सगळ्यांना द्या. आमच्याकडे लॉग उघडायला दोन माणसांची संमती लागते आणि कुणी, कधी, कशासाठी उघडला याचीही नोंद राहते.

घरात खोल्या असतात, तसं

महेश बँकेच्या प्रकरणात मला सगळ्यात बोचली ती कप्पे नसल्याची गोष्ट. घराला खोल्या असतात, प्रत्येक खोलीला दार असतं. हॉलमध्ये आलेला पाहुणा थेट देवघरात किंवा कपाटापर्यंत जात नाही. नेटवर्कचंही तसंच हवं. पाहुण्यांचं वाय-फाय वेगळं, सीसीटीव्ही आणि प्रिंटर वेगळे, रिसेप्शनचा कॉम्प्युटर वेगळा, आणि हिशेबाचा किंवा पेशंटच्या नोंदींचा कॉम्प्युटर त्याहून वेगळा. मग रिसेप्शनवर चुकीचं क्लिक झालं, तरी चोर रिसेप्शनमध्येच अडकतो.

पैशांचे व्यवहार होतात त्या कॉम्प्युटरसाठी माझा आवडता उपाय उलटा आहे. काय अडवायचं याची यादी करू नका, काय उघडायचं तेवढीच यादी करा. पूर्वी हे त्रासाचं होतं, कारण प्रत्येक बँकेचा पत्ता वेगळ्या धाटणीचा. आता रिझर्व्ह बँकेने भारतातल्या बँकांसाठी 'डॉट बँक डॉट इन' हे राखीव नाव आणलंय. त्यावर जायची मुदत ३१ ऑक्टोबर २०२५ होती. आणि ही नावं देण्याचं काम कोण करतं? मासाब टँकची आयडीआरबीटी, म्हणजे रिझर्व्ह बँकेने १९९६ मध्ये स्थापन केलेली, आपल्याच गावातली संस्था. बँक नसलेल्या कुणाला तिथून हे नाव मिळत नाही.

जीएसटी, इन्कम टॅक्स, पीएफ यांच्या साइट सरकारी. बहुतेक सगळ्या 'गव्ह डॉट इन'वाल्या. तेव्हा अकाउंट्सच्या कॉम्प्युटरवर 'बँक डॉट इन', 'गव्ह डॉट इन', तुमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि अपडेटचे पत्ते एवढंच चालू ठेवा, बाकी सगळं बंद. मेलसुद्धा दुसऱ्या कॉम्प्युटरवर. सुरुवातीचे आठ दिवस "हे उघडत नाही, ते उघडत नाही" अशी कुरकुर होते, चारदोन पत्ते वाढवावे लागतात. मग सगळं शांत.

पत्ता उजवीकडून वाचा

इथे एक सवय सगळ्यांनी लावून घ्यावी, घरच्यांनाही शिकवावी. पोस्टाच्या पत्त्यात गाव शेवटी असतं. माणसाचं नाव ओळखीचं असलं, तरी पत्र कुठे जाणार हे शेवटचं गाव ठरवतं. वेबसाइटचंही तसंच. सुरुवातीला 'एसबीआय' दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. पहिल्या तिरक्या रेघेपर्यंत जा आणि तिथून डावीकडे वाचत या. शेवट 'बँक डॉट इन'ने होत असेल तर ठीक. 'एसबीआय डॉट बँक डॉट इन डॉट' असं पुढे आणखी काहीतरी चिकटवलं असेल, तर गाव भलतंच आहे.

कुलूप दिसलं म्हणजे साइट खरी, हाही गैरसमज सोडा. कुलपाचा अर्थ एवढाच की मधल्या वाटेत कुणी वाचू शकत नाही. समोर बसलेला चोर आहे की सावकार, ते कुलूप सांगत नाही. लोकांचा हाच घोटाळा व्हायचा, म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्हच काढून टाकलं. त्यापेक्षा पासवर्ड मॅनेजर वापरा. नकली साइट डोळ्यांना कितीही हुबेहूब दिसली, तरी पत्ता जुळत नसेल तर तो आपणहून पासवर्ड भरत नाही. तो गप्प बसला, की आपण थांबायचं.

पहिला फोन

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि याला एक रुपयाही लागत नाही.

आमच्या अकाउंट्समधल्या एका सहकारी मुलीने मागे कुरिअरच्या नावाने आलेल्या मेलमधली लिंक उघडली आणि समोरच्या पानावर पासवर्ड टाकला. पुढच्याच मिनिटाला तिला शंका आली आणि तिने मला फोन केला. आवाज रडवेला. मी म्हटलं, "आधी नेटची वायर काढ. कॉम्प्युटर बंद करू नकोस, मी आलोच." पाच मिनिटांत तिचा पासवर्ड बदलला, सगळीकडचं लॉगिन रद्द केलं. मग डीएनएसच्या नोंदीत तो पत्ता शोधला, तर आणखी दोघांनी तो उघडलेला. त्या दोघांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. तिच्या फोनमुळे तिघांचीही सुटका झाली.

त्या दोघांनी का सांगितलं नाही? कारण सोपं आहे. आपल्याकडे चूक सांगितली की आधी बोलणी मिळतात. काही ऑफिसांत मुद्दाम खोट्या मेल पाठवून परीक्षा घेतात आणि जे फसतात त्यांची नावं मीटिंगमध्ये वाचून दाखवतात. याला मी सुरक्षा म्हणत नाही. अशाने लोक क्लिक करायचं थांबत नाहीत, सांगायचं थांबतात. मग महेश बँकेत जे दोन महिने गेले, तसे तुमच्याकडेही जातील.

कायद्याच्या बाजूनेही वेळ मोजका आहे. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे कंपन्यांनी सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आणि यंत्रणेचे लॉग १८० दिवस जपायचे. पैसे गेले असतील तर १९३० या नंबरवर ताबडतोब फोन करायचा. पैसे या खात्यातून त्या खात्यात पळत असतात, लवकर कळलं तर वाटेत गोठवता येतात. आज सांगू की उद्या, असा विचार करत बसलेल्या माणसाचा प्रत्येक तास चोराच्या खात्यात जमा होतो.

म्हणून प्रत्येक मॉनिटरच्या कोपऱ्यात एक चिठ्ठी चिकटवा: "शंका आली? वायर काढा, या नंबरवर फोन करा." खाली एका माणसाचा नंबर. आणि फोन आला की त्या माणसाने पहिलं वाक्य म्हणायचं, "बरं झालं सांगितलंत."

छोट्या ऑफिससाठी

पाच-दहा कॉम्प्युटरच्या ऑफिसला महागडी फायरवॉल परवडत नाही, हे मला माहीत आहे. पण एका रविवारी सकाळी एवढं तरी होतं. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएस बदलून ९.९.९.९ टाका. ही क्वाड-नाइन नावाची ना-नफा सेवा आहे आणि फसवी नावं फुकट अडवते. क्लाउडफ्लेअरची १.१.१.२ हीसुद्धा तेच करते, आणि घरात लहान मुलं असतील तर १.१.१.३ अश्लील साइटही अडवते. राउटरचा कंपनीकडून आलेला पासवर्ड बदला. पेशंट आणि गिऱ्हाइकांसाठी 'गेस्ट' वाय-फाय वेगळं करा. रोजच्या कामाच्या लॉगिनला ॲडमिनचे अधिकार देऊ नका, म्हणजे मनाला येईल तो प्रोग्रॅम बसणार नाही. ब्राउझरमधली नको ती एक्सटेन्शन काढा. आणि संध्याकाळी घरी जाताना ब्राउझर बंद करा, नाहीतर आलेला अपडेट महिनाभर तसाच ताटकळत राहतो.

घरून काम करणाऱ्यांनी हेच घरी करावं. ऑफिसचा लॅपटॉप मुलांना गृहपाठाला किंवा गेम खेळायला देऊ नये, मग ती कितीही मागे लागोत.

चिठ्ठीवर नंबर कुणाचा लिहायचा, हे तेवढं या सोमवारी ठरवून टाका. ज्याला फोन करायला ऑफिसमधलं सगळ्यात नवं पोरही घाबरणार नाही, असा माणूस निवडा. पुढच्या अंकात आई-बाबांच्या फोनकडे वळू. तिथल्या कथा याहून सुरस आहेत!